काळी माती, पाणी आणि कालावधी : मृदेच्या कर्तन-सामर्थ्य चाचण्यांचा इतिहास व नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा व त्यापलीकडे नर्मदा, तर मध्यभागी तापीचे खोरे अशी या जिल्ह्याची स्थूल रचना आहे. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी माती हे या खोऱ्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय. शहादा, तळोदा किंवा नंदुरबार तालुक्यातील शेतकऱ्यास या मातीचे दोन्ही स्वभाव परिचित आहेत. वैशाखात ती दगडासारखी टणक होते आणि तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. आषाढात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि बैलगाडीची चाके तिच्यात रुततात.

स्थापत्य अभियंत्यासमोर हाच अनुभव प्रश्नाच्या रूपाने येतो. या मातीचा बांध घातला, तिच्यातून कालवा खोदला किंवा तिच्यावर पूल उभारला, तर ती किती भार सहन करील? मातीचा एक थर दुसऱ्या थरावरून घसरू नये म्हणून तिच्या अंगी जो विरोध असतो, त्यास कर्तन-सामर्थ्य म्हणतात. हे सामर्थ्य मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एका पद्धतीत चाचणी चालू असताना मातीतील पाण्यास बाहेर पडू दिले जाते, दुसऱ्या पद्धतीत ते कोंडून ठेवले जाते. एकाच मातीचे दोन नमुने घेऊन या दोन चाचण्या केल्या असता दोन वेगळी उत्तरे मिळतात. त्यातले कोणते उत्तर कोठे लागू करावे, हे ठरविण्यास मृदा यामिकी या शास्त्रास सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. या वाटचालीचा मागोवा घेणे आणि तापी खोऱ्याच्या संदर्भात तिचा अर्थ पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तोटी उघडी की बंद

प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरली जाणारी त्रिअक्षीय चाचणी समजण्यास कठीण नाही. साधारणपणे ३८ मिलीमीटर व्यासाचा व ७६ मिलीमीटर उंचीचा मातीचा दंडगोल रबराच्या पातळ पिशवीत बसवून पाण्याने भरलेल्या पात्रात उभा करतात. पात्रातील पाण्याचा दाब नमुन्यास सर्व बाजूंनी आवळतो. मग वरून भार वाढवीत नेऊन नमुना कोणत्या भारास ढासळतो ते पाहतात. नमुन्याच्या तळाशी एक नळी व तिला तोटी असते. तोटी बंद ठेवली तर चाचणी बिननिचऱ्याची, उघडी ठेवून सावकाश भार दिला तर निचऱ्याची. पहिली दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. चिकणमातीवरील दुसऱ्या चाचणीस कित्येक दिवस लागतात, कारण भार वाढवण्याचा वेग इतका मंद ठेवावा लागतो की आतील पाण्यावर दाब साचताच कामा नये.

तोटी बंद असताना संपृक्त चिकणमातीत एक चमत्कारिक गोष्ट घडते. बाहेरचा दाब कितीही वाढवला तरी मातीचे सामर्थ्य वाढत नाही. वाढीव दाब सर्वस्वी पाणी उचलते आणि मातीच्या कणांपर्यंत तो पोहोचतच नाही. घर्षण मात्र कणाकणांमध्येच असते. पाण्यात घर्षण नसते.

या दोन चाचण्यांतील खरा फरक कालावधीचा आहे, हे एका साध्या हिशोबावरून ध्यानात येईल. पाणी बाहेर पडण्यास लागणारा वेळ हा त्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७६ मिलीमीटरच्या नमुन्यातून दोन्ही टोकांनी निचरा होत असेल, तर पाण्यास जास्तीत जास्त ३८ मिलीमीटर अंतर जावे लागते. त्यास एक तास लागला असे धरू. त्याच मातीच्या थरात हे अंतर ३.८ मीटर, म्हणजे शंभरपट असेल, तर वेळ दहा हजारपट, म्हणजे दहा हजार तास किंवा सुमारे चौदा महिने लागेल. एका पावसाळ्याआधी उभा राहिलेला बांध पुढच्या पावसाळ्यापर्यंतही आपले पाणी पुरते सोडू शकत नाही, असा याचा अर्थ होतो.

अनुभवाकडून मापनाकडे

मातीच्या सामर्थ्याचे पहिले गणिती सूत्र फ्रेंच लष्करी अभियंता कूलोम याने मांडले. त्याचा प्रबंध १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आसंजन व घर्षण असे सामर्थ्याचे दोन भाग त्याने कल्पिले. पाण्याचा विचार त्यात नव्हता. १८४६ मध्ये कालव्यांवर काम करणाऱ्या आलेक्सांद्र कोलँ या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने चिकणमातीच्या घसरणींची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन ग्रंथ लिहिला आणि मातीच्या कर्तनाचे प्रयोगही केले. तो ग्रंथ जवळजवळ शंभर वर्षे विस्मृतीत गेला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९५६ मध्ये झाले. ज्या शास्त्राचे प्रश्न घसरणींतूनच जन्मास आले, त्याच शास्त्राने घसरणींचा पहिला पद्धतशीर अभ्यासक विसरावा, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

मुंबई इलाख्यात याच काळात मातीची मोठी धरणे बांधली जात होती. सोलापूरजवळचा एकरूख तलाव हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण. या कामांचा अनुभव गाठीशी असलेल्या डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंत्याने १९०४ मध्ये मातीच्या धरणांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो बराच काळ भारतातील अभियंत्यांचा आधारग्रंथ होता. कर्तन-सामर्थ्याची चाचणी तेव्हा उपलब्ध नव्हती. तरीही ती धरणे टिकली, त्याचे एक कारण बांधकामाच्या पद्धतीत शोधता येते. माणसे, गाढवे व बैल यांच्या बळावर चढणारा बांध अनेक हंगाम घेत असे. प्रत्येक थरास, प्रत्येक उन्हाळ्यास आपले पाणी सोडण्याची उसंत मिळे. निचऱ्याचे शास्त्र ठाऊक नसताना निचऱ्याचा काळ मात्र आपोआप पाळला जात होता.

या अनुभवामागचे तत्त्व कार्ल टेरझागी यांनी उलगडले. इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना चिकणमातीवर प्रयोग करून त्यांनी दृढीकरणाचा सिद्धांत मांडला आणि १९२५ मध्ये त्यांचा जर्मन भाषेतील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मातीवरील एकूण दाबातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा केला असता जो उरतो तोच प्रभावी दाब होय, आणि मातीचे सामर्थ्य त्यावरच अवलंबून असते, हे तत्त्व त्यांनी १९३६ च्या हार्वर्ड येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्पष्टपणे मांडले. आर्थर कासाग्रांद यांनी चाचण्यांची शीघ्र, दृढीकृत-शीघ्र व मंद अशी विभागणी रूढ केली. पुढे अमेरिकी लष्करी अभियंत्यांनी त्यांस क्यू, आर व एस ही अक्षरे दिली. क्यू म्हणजे शीघ्र, एस म्हणजे मंद. मधल्या चाचणीस आर हे अक्षर, कारण वर्णमालेत ते त्या दोहोंच्या मध्ये येते!

यंत्रांचा वेग आणि चिंगफर्ड

सिद्धांताची कसोटी लवकरच लागली. लंडनजवळ चिंगफर्ड येथे जलाशयाचा मातीचा बांध नव्या अवजड यंत्रांच्या साहाय्याने झपाट्याने चढविला जात होता. जुलै १९३७ मध्ये अपेक्षित उंची गाठण्यापूर्वीच तो घसरला. बांधाखाली मऊ पिवळ्या चिकणमातीचा थर होता. टेरझागींना पाचारण करण्यात आले आणि तरुण अभियंता ए. डब्ल्यू. स्केम्प्टन यांनी त्या मातीच्या बिननिचऱ्याच्या चाचण्यांवर काम केले. निदान असे झाले की, यंत्रांच्या वेगापुढे त्या थरातील पाण्यास बाहेर पडण्यास अवधीच मिळाला नाही. बांधाचे वजन वाढले, पण खालच्या मातीचे बळ होते तेवढेच राहिले. कूलिंग व गोल्डर यांचे या घटनेचे विश्लेषण १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९४८ मध्ये स्केम्प्टन यांनी अशा विश्लेषणाची मर्यादा व उपयोग स्वतंत्रपणे मांडला.

या यशामुळे बिननिचऱ्याच्या चाचणीस प्रतिष्ठा लाभली. ती स्वस्त, जलद व सोपी होती. परंतु त्याच लंडनच्या चिकणमातीत रेल्वे व रस्त्यांसाठी केलेली खोदकामे वेगळीच साक्ष देत होती. केन्सल ग्रीन येथील भिंतीमागची माती बांधकामानंतर २९ वर्षांनी, नॉर्थोल्टचा उतार १९ वर्षांनी, तर सडबरी हिलचा उतार ४९ वर्षांनी घसरला. शीघ्र चाचणीच्या आकड्यांनुसार हे उतार भक्कम होते. स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात या उदाहरणांचा परामर्श घेऊन दीर्घकालीन स्थैर्यासाठी निचऱ्याचे सामर्थ्यच पाहिले पाहिजे, असे प्रतिपादन केले.

येथे या इतिहासाचा मर्म सापडतो. भर घातली की मातीतील पाणी दाबले जाते, हळूहळू बाहेर पडते आणि माती काळाबरोबर बळकट होते. म्हणून बांधाच्या पायासाठी पहिला दिवस सर्वांत धोक्याचा, आणि तेथे बिननिचऱ्याची चाचणी योग्य. याउलट खोदकाम केले की मातीवरचे ओझे उतरते, ती पाणी शोषून घेते आणि वर्षानुवर्षे दुबळी होत जाते. तेथे पहिला दिवस सर्वांत सुरक्षित असतो. अध्यापनात अनेकदा निचऱ्याची चाचणी ‘खरी’ आणि बिननिचऱ्याची ‘काटकसरीची’ असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. दोन्ही खऱ्या आहेत. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

या दोहोंना जोडणारा मार्ग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ए. डब्ल्यू. बिशप यांनी घडविला. नमुना आधी तोटी उघडी ठेवून दृढ होऊ द्यावा, मग तोटी बंद करून तो ढासळवावा आणि त्या वेळी आतील पाण्याचा दाब मोजावा. एकूण दाबातून तो वजा केला की निचऱ्याचे सामर्थ्य थोड्या वेळात हाती येते. बिशप व हेंकेल यांचा या चाचणीवरील ग्रंथ १९५७ चा. वेल्समधील अस्क धरणाच्या बांधकामात भरावातील पाण्याचा दाब वाढत असल्याचे मोजमापातून दिसले, तेव्हा बांधाच्या पोटातच निचऱ्याचे आडवे थर घालण्यात आले. मापन केल्यामुळे अपघातापूर्वी उपाय करता आला, हे त्या कामाचे महत्त्व.

महाराष्ट्रातील संस्था व संकेत

स्वातंत्र्योत्तर काळात भारतात या शास्त्राची पायाभरणी वेगाने झाली. मृदा यामिकीची भारतीय संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. तीच १९७० पासून इंडियन जिओटेक्निकल सोसायटी म्हणून ओळखली जाते. १९५९ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘मेरी’, सुरू झाली. राज्यातील धरणांच्या माती, दगड व काँक्रीटच्या चाचण्यांची परंपरा या संस्थेशी निगडित आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम पूर्ण होण्यापूर्वी पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे दगडी धरणही फोडले आणि पुणे शहर उद्ध्वस्त झाले. पानशेत हे कर्तन-सामर्थ्य अपुरे पडल्याचे उदाहरण नव्हे. तेथील दोष पाणी सोडण्याच्या मोरीशी व तिच्यावरील भराव खचण्याशी संबंधित होता. तथापि मातीच्या बांधाचे पहिले भरणे ही स्वतंत्र कसोटी असते आणि तिच्यात घाईला जागा नसते, हे महाराष्ट्राच्या मनावर त्या दिवशी कोरले गेले.

चाचण्यांचे भारतीय मानक आय. एस. २७२० या मालिकेत आले. बिननिचऱ्याच्या त्रिअक्षीय चाचणीचा भाग ११ हा १९७१ चा असून तो १९९३ मध्ये सुधारण्यात आला. छिद्रजलदाब मोजून करावयाच्या चाचणीचा भाग १२ हा १९८१ च्या आवृत्तीने परिचित आहे. मातीच्या धरणांच्या स्थैर्याचे मानक आय. एस. ७८९४ हे १९७५ चे. त्यात बांधकामाची अवस्था, जलाशय झपाट्याने उतरण्याची अवस्था, सतत पाझराची अवस्था असे वेगवेगळे प्रसंग कल्पून प्रत्येकासाठी सुरक्षिततेचे वेगळे प्रमाण सांगितले आहे. सतत पाझरासाठी १.५, तर जलाशय उतरण्यासाठी १.३. एकाच धरणास एकच आकडा पुरत नाही, ही गोष्ट त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाली.

मानकाची ही तारीखही अर्थपूर्ण आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात पाझर तलाव, लघु व मध्यम प्रकल्प यांना मोठी चालना मिळाली. रोजगार हमीवरील मजुरांच्या टोपल्यांनी चढणारे बांध आणि पुढील काळात यंत्रांनी चढणारे बांध यांच्या मातीस मिळणारा अवधी एकसारखा नाही. प्रकल्पांच्या खर्चाचा व कालव्यांच्या लांबीचा इतिहास लिहिला जातो. बांध किती महिन्यांत चढला याचा मात्र क्वचितच.

नंदुरबारची माती

नंदुरबार जिल्ह्यातील शिवण, रंगावली, दरा, नागन, कोरडी, देहली ही मध्यम प्रकल्पांची नावे परिचयाची आहेत. शिवण नदीवरील विरचक धरणातून नंदुरबार शहरास पाणी मिळते. मातीच्या धरणाची महाराष्ट्रातील नेहमीची रचना म्हणजे आत चिकणमातीचा गाभा व बाहेर मुरुमाचे आवरण. गाभ्याने पाणी अडवायचे, आवरणाने ते सहज वाहू द्यायचे. एकाच बांधात निचरा न होणारी व निचरा होणारी अशा दोन्ही मातींचा संसार असतो, असे म्हणता येईल.

काळ्या मातीच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे ती पाणी घेऊन फुगते व कोरडी होताना आकसते. कोरड्या अवस्थेत कणांमधील पाणी ताणलेले असते. त्या ताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात आणि मातीस उसने बळ येते. असा नमुना बिननिचऱ्याच्या चाचणीत भरघोस आकडा देतो. तो आकडा खोटा नसतो, पण पहिल्या पावसाबरोबर संपणारा असतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या या वर्तनावर दीर्घकाळ संशोधन केले. इंडियन जिओटेक्निकल सोसायटीचे पहिले वार्षिक व्याख्यान १९७८ मध्ये त्यांनी याच विषयावर दिले. न फुगणाऱ्या आसंजक मातीचा थर काळ्या मातीवर दाबून बसविण्याची त्यांची पद्धत कालव्यांच्या अस्तरीकरणात स्वीकारली गेली. तापी खोऱ्यातील काळ्या मातीत खोदलेल्या कोणत्याही कालव्याच्या उतारास लंडनच्या खोदकामांचाच नियम लागू होतो: खोदल्या वर्षी उभा राहिलेला उतार दहाव्या वर्षी उभा राहीलच असे नाही.

या संदर्भात कॅलिफोर्नियातील सॅन लुई धरणाची घटना अभ्यसनीय आहे. त्या धरणाच्या एका भागाखाली उतारावरची चिकणमाती तशीच ठेवण्यात आली होती. बांधकामाच्या वेळी ती उन्हाने वाळून कठीण झालेली असल्याने भक्कम वाटली. जलाशय भरल्यावर ती भिजली, मऊ झाली आणि पाण्याच्या प्रत्येक चढउताराबरोबर तिचे बळ घटत गेले. १९८१ मध्ये सुमारे चार महिन्यांत पाण्याची पातळी जवळपास ५५ मीटर उतरविण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये जलाशयाच्या बाजूचा उतार घसरला. बाहेरचा पाण्याचा आधार निघून गेला, पण आतील पाणी तेवढ्या अवधीत निघू शकले नाही. चार महिने म्हणजे शेतकऱ्यास एक हंगाम. दाट चिकणमातीस तो अवधी ‘झपाट्याने’ या सदरातच मोडतो. धरण फुटले नाही. उताराच्या पायथ्याशी दगडमातीचा भरभक्कम आधार देऊन ते सावरण्यात आले.

तापीवरील उकाई धरण गुजरातमध्ये १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचा फुगवटा नवापूर व नंदुरबार तालुक्यांपर्यंत येतो आणि अनेक कुटुंबांना त्यामुळे आपली गावे सोडावी लागली. या जलाशयाची पूर्ण पातळी १०५.१६ मीटर. पावसाळ्याअखेर पाणी काठापर्यंत भरते आणि उन्हाळ्यापर्यंत दूर सरकते. या चढउताराच्या पट्ट्यातील काळ्या मातीस दरवर्षी भिजणे, फुगणे, पाण्याचा आधार गमावणे व वाळून भेगाळणे असे संपूर्ण चक्र भोगावे लागते. काठावर उपसा सिंचनाची विहीर, रस्त्याचा भराव किंवा पुलाचा पाया घ्यावयाचा झाल्यास त्या मातीचा नमुना प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवालात आसंजन व घर्षणकोन असे दोन आकडे उमटतात. ते आकडे तोटी उघडी ठेवून आले की बंद ठेवून, नमुना आधी भिजवला होता की नाही, याची नोंद शेजारच्या रकान्यात हवी. नमुना कोणत्या महिन्यात काढला, तेही त्याच ओळीत लिहिलेले असावे. कारण एकाच खड्ड्यातून मे महिन्यात व ऑक्टोबरमध्ये काढलेल्या मातीस अभियंत्याच्या हिशोबात एकच माती धरता येत नाही.